तिसरी-चौथीचे उपक्रम आणि सहल: मी वर्गात खरंच काय करते

सर, प्रश्न वाचला. तुम्ही शिक्षणसेवक म्हणून यंदाच लागलात, तिसरी-चौथीचा जोडवर्ग आहे, पट तिसाच्या आसपास, मुलांना हाताने काहीतरी करायला द्यावं, बाहेर न्यावं असं मनापासून वाटतंय, पण हेडसर म्हणतात वर्षाची एक सहल झाली की बास, बाकी उपक्रम-बिपक्रम फोटोपुरते करा नाहीतर पोर्शन मागे पडतो. आणि तुम्ही विचारलंय की हे सगळं जमवायचं कसं आणि सुरुवात कुठून करायची.

मी जुन्नर तालुक्यात झेडपी शाळेवर आहे, २३ वर्षं झाली, त्यातली बरीचशी द्विशिक्षकी शाळेतच गेली. त्यामुळे जे सांगतेय ते सगळं माझ्या हातून एकदातरी फसलेलं आहे असं समजून वाचा.

पहिलं म्हणजे तुमचे हेडसर अगदीच चूक नाहीयेत. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी हौसेने सहल काढली होती, पहाटे चारला निघून रात्री साडेअकराला परत, एका दिवसात पाच ठिकाणं. दुसऱ्या दिवशी 'आमची सहल' म्हणून निबंध लिहायला दिला. ३१ पोरांपैकी जवळजवळ सगळ्यांनी दोनच गोष्टी लिहिल्या, बसमध्ये कोण कोण ओकलं आणि बर्फाचा गोळा कितीला मिळाला. एकाने लिहिलं होतं 'आम्ही एक मोठे घर पाहिले', ते मोठे घर म्हणजे संग्रहालय होतं, जिथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ काढला होता. पोरांची चूक काहीच नव्हती, मी त्यांना बघायला काही दिलंच नव्हतं, फक्त फिरवून आणलं होतं.

तेव्हापासून मी जे करते ते असं: लांब जायचं वर्षातून एकदाच, बाकी सगळं चालत जाता येईल तेवढ्यातच, आणि कुठेही जाताना सोबत एकच प्रश्न न्यायचा. दहा प्रश्नांची छापील प्रश्नावली अजिबात नाही. प्रश्नावली दिली की पोरं मान वर करत नाहीत, पुढच्याचं बघून रकाने भरतात, मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता कोणी वर्कशीट म्हटलं की मला चिडचिड होते.

आता प्रत्यक्ष सांगते. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार आमच्या शाळेपासून चालत अर्ध्या तासावर. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये चौथीला घेऊन गेले, प्रश्न एकच, 'एक किलो टोमॅटोचे शेतकऱ्याला किती मिळाले?' बस्स. तिथे भाव किलोचा कोणी सांगतच नाही, कॅरेटचा सांगतात, आणि एका कॅरेटमध्ये २० किलो माल. म्हणजे पोरांना भाव विचारायचा, लिहायचा आणि २० ने भागायचं, आणि हे भागायचंय हे मी आधी सांगितलेलं नव्हतं. दोघी जणी दहा मिनिटं भांडत होत्या की ६० रुपये म्हणजे ६० रुपये किलो. मग एका हमालदादाने एक कॅरेट उचलून बघायला लावलं, ते त्यांना हललंसुद्धा नाही, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की एवढ्या सगळ्याचे ६० रुपये. म्हणजे किलोला ३. त्या दिवशी भाव पडलेलेच होते. ज्यांच्या घरी टोमॅटो आहे ती पोरं एकदम गप्प झाली, आणि एकजण म्हणाला, 'बाई, गाडीभाडंबी सुटत न्हाई यात.'

परत आल्यावर मी काय केलं तर पोरं जे बोलली ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, 'गाडीभाडंबी सुटत न्हाई' हे पण तसंच, प्रमाणभाषेत दुरुस्त न करता. ही युक्ती माझी नाही, पूर्वीपासून चालत आलेली आहे, पण तुम्ही करून बघाच. वर्गात चारपाच मुलं अशी असतातच ज्यांना पुस्तकातली ओळ वाचता येत नाही, पण स्वतः बोललेलं वाक्य फळ्यावर दिसलं की ती बोट ठेवून वाचतात, कारण पुढचा शब्द काय येणार हे त्यांना माहीत असतं. त्या एका बाजारातून मला भागाकाराचे तीन तास, भाषेचे दोन आणि परिसर अभ्यासाचा एक तास मिळाला. हेडसरांना सांगायचं ते हे. मी भेटीच्या आधी नियोजनाच्या वहीत लिहून ठेवते की या भेटीतून कुठले घटक होणार, आणि ते घटक मग पुस्तकातून परत शिकवत बसत नाही, फक्त उदाहरणं सोडवून घेते. वेळ कमी पडतो तो दोनदा शिकवल्यामुळे, आधी उपक्रमातून आणि मग मनाची खात्री नाही म्हणून पुन्हा पुस्तकातून. आणि महिन्याला एकच असं काम घ्या. आता सरकारचा आनंददायी शनिवार (त्या दिवशी पुस्तकाऐवजी उपक्रम घ्यायचे) कागदावर आलाय तर तो खरंच वापरा, त्याची ढाल चांगली आहे.

वर्गातल्या वर्गात करायचं असेल तर माझं सगळ्यात आवडतं काम म्हणजे धान्य मोजायची जुनी मापं. गावात अजून चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर असतातच, पोरांनाच आणायला सांगा. सोबत पाचेक पायल्या बाजरी कुणाकडून तरी उसनी घ्या. हिशोब सगळा दुपटीचा आहे, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. हे तुम्ही सांगायचं नाही, तुम्ही फक्त विचारायचं की पायलीत चिपटी किती बसतात. उत्तर १६ यायला हवं, पण आमच्याकडे पहिल्या गटाचं आलं १४ आणि दुसऱ्याचं साडेसोळा. आरडाओरडा. माप खोटं आहे, त्याने सांडलं, तू दाबून भरलं वगैरे. मग लक्षात आलं की एक पोरगी चिपटं शीग लावून, म्हणजे काठाच्या वर ढीग करून भरत होती आणि दुसरा पोरगा हाताने सपाट करताना काठाच्या आतलं पण ओढून काढत होता. तेव्हा एकीची आजी सहज बघायला आलेली दारात उभी होती, ती म्हणाली, 'घेताना शिगेनं घ्यायचं आन देताना काठानं द्यायचं.' मी मनात म्हटलं घ्या, झाला आजचा मूल्यशिक्षणाचा तास! पण त्यावरून जी चर्चा झाली ना, की माप सारखं असून भरण्यात फरक पडतो, मग सगळ्यांनी एकाच पद्धतीने भरायचं ठरवायला लागतं, ती मला मापनाच्या कुठल्याही पाठातून घडवून आणता आली नसती. आणि अर्धा, पाव, अर्धपाव हे अपूर्णांक फुकटात झाले.

पावसाळ्यात पर्जन्यमापक करा. सगळेच करतात, पण बहुतेक ठिकाणी चुकीचं असतं. बाटलीचं वरचं तोंड कापून उलटं बसवायचं हे सगळ्यांना माहीत असतं, बुडाकडे कोणी बघत नाही. पाण्याच्या बाटलीचं बूड खालीवर असतं, त्यामुळे सरळ भाग जिथे सुरू होतो तिथपर्यंत आधी पाणी भरायचं आणि तिथे शून्याची खूण करायची, वर पट्टी चिकटवायची. रोज माप घेऊन झालं की पाणी पुन्हा शून्यापर्यंत आणून ठेवायचं. भिंतीपासून आणि झाडापासून लांब, मोकळ्यावर ठेवा. वेळ रोज एकच ठेवा, हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, आम्ही शाळा भरल्या भरल्या मोजतो. एका सकाळी आमच्याकडे ठणठणीत कोरडी रात्र गेलेली असताना १४ मिलिमीटर पाऊस निघाला. मी काही बोलले नाही. पोरांनीच चौकशी केली, आसपासची माती कोरडी, छपरावर ओल नाही, आणि शेवटी दुसरीतल्या एका महाशयांनी कबूल केलं की बाटली रिकामी दिसली म्हणून त्यांनी भरून ठेवली. तो आकडा आम्ही तक्त्यावर लिहून त्यावर काट मारलेली आहे, पुसला नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर बरोब्बर एक लिटर पाणी होतं हे मात्र पोरांकडून काढून घ्या. आमच्या वर्गाचं छप्पर ६ बाय ८ मीटर, म्हणजे ४८ चौरस मीटर, २० मिलिमीटर पडला की ९६० लिटर. ते वाहून ओढ्याला जातं हे बघून पोरांनीच विचारलं की मग उन्हाळ्यात टँकर का मागवतो आपण. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, मी त्यांना सरपंचांना विचारायला पाठवलं.

पोस्टाचं काम पण सोपं आहे. ५० पैशाचं पोस्टकार्ड, प्रत्येकाने स्वतःच्याच घरी पत्र लिहायचं, चालत जाऊन पेटीत स्वतःच्या हाताने टाकायचं, आणि मग रोज परिपाठात कोणाचं आलं त्याची नोंद. पिनकोडच्या सहा आकड्यांची गंमत सांगा, पहिला आकडा ४ आपल्याकडे का असतो ते नकाशावर दाखवा. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला आणि तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस, संस्कृतचे पंडित, हे सांगितलं की पोरांना उगाच भारी वाटतं. माझ्या वर्गातल्या एकीचं पत्र कधीच पोचलं नाही कारण पत्त्यात तिने लिहिलं होतं 'आई, आमच्या घरी'. पत्ता म्हणजे काय हे त्या वर्षी त्या वर्गाला पक्कं समजलं.

आता लांबच्या ठिकाणाचं. आमच्याकडे खोडदची दुर्बीण आहे, जीएमआरटी, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणारी, शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली, ३० अँटेना, प्रत्येकाचा व्यास ४५ मीटर. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास लोकांना आत सोडतात, तालुक्यातल्या सगळ्या शाळा तिथे लोटतात, प्रचंड गर्दी असते. नुसतं नेलं तर पोरं 'लय मोठी हाय' म्हणून परत येतात. म्हणून आम्ही जायच्या आठवडाभर आधी ४५ मीटर म्हणजे केवढं हे जमिनीवर काढायचं ठरवलं. शाळेचं मैदान पुरलं नाही. शेजारचं रान मोकळं होतं, मालकाला विचारलं, पोरांनी घरून बैलांचे कासरे आणले, गाठी मारून साडेबावीस मीटरचा एक केला, मध्ये खुंटा ठोकून एक पोरगा टोकाला फक्की (पांढरी भुकटी) सोडत निघाला. फिरून आला तर सुरुवात आणि शेवट जुळेचना, हातभर नाही चांगला मीटर-दीड मीटरचा फरक! भोपळ्यासारखा आकार झालेला. आता हे का झालं यावर अर्धा तास गेला. कोणी म्हणे खुंटा हलला, कोणी म्हणे गाठ सुटली, शेवटी खुंट्याजवळ बसलेली मुलगी म्हणाली की दादा कधी जोरात ओढत होता कधी ढिला सोडत होता, नायलॉनचा कासरा ताणला की लांब होतो. मग दुसऱ्यांदा दोघांनी मिळून सारखा ताण ठेवून काढला आणि जुळला. त्रिज्या सगळीकडे सारखी असते हे वाक्य मी फळ्यावर कितीतरी वर्षं लिहिलंय, ते त्या दिवशी पोरांनी रानात सिद्ध केलं. मग सगळ्या २८ जणांना हात पसरून कडेने उभं केलं, बोटाला बोट लावून, तर पाव वर्तुळसुद्धा जेमतेम झालं. परीघ साधारण १४१ मीटर येतो, हिशोब मी सांगितला नाही, चौथीला त्याची गरजही नाही, पण 'अजून आपल्यासारखे तीन वर्ग लागतील' हे त्यांनीच काढलं.

त्यानंतर खोडदला गेल्यावर काय झालं माहितेय का, पोरं अँटेनाखाली उभी राहून मोठी आहे असं म्हणालीच नाहीत. ते त्यांना माहीत होतं. त्यांनी वर बघून विचारलं की ही पत्र्याची का नाही, जाळीची का आहे. तिथल्या दादांनी सांगितलं की वारा आरपार जातो आणि वजन कमी राहतं, आणि ज्या लहरी पकडायच्यात त्यांना ती भोकं दिसतच नाहीत, इतक्या त्या लांब असतात. हा प्रश्न माझ्या डोक्यात पण कधी आला नव्हता.

गडावर न्यायचं असेल तर तोच प्रकार. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो, आमच्याकडून शिवनेरी जवळ, त्यामुळे दरवर्षी जातोच. मी पूर्वी सनावळ्या पाठ करून घ्यायचे आणि वर गेल्यावर म्हणून घ्यायचे, लाज वाटते आता. आता एकच प्रश्न नेते, 'गडावर नदी नाही, मग एवढी माणसं आणि घोडी पाणी कुठून प्यायची?' पोरं टाकी शोधत फिरतात, गंगा-जमुना टाक्यांपाशी हात घालून पाणी गार आहे म्हणतात (एकजण कडेला धरून उभा पाहिजेच), बदामी तलाव बघतात, अंबरखान्यात धान्य ठेवायचे म्हटलं की लगेच ते किती पायल्या असेल विचारतात. सात दरवाजे चढताना अर्ध्या वर्गाला मावळे आणि अर्ध्याला शत्रू करते, प्रत्येक दरवाज्यात थांबून शत्रूंनी सांगायचं की आता आपल्यावर दगड कुठून पडतील. वाट अशी वळवून का नेलीय हे मग सांगावं लागत नाही. गडावर मोहोळं असतात तेव्हा अत्तर, स्प्रे, आरडाओरडा, धूर काही नको, हे आदल्या दिवशी दोनदा सांगा.

व्यवस्थेचं पटपट सांगते, कारण गोंधळ इथेच होतात. जिथे न्यायचंय तिथे आधी एकदा स्वतः जाऊन या, एकटे. बघायचं काय तर संडास. खरंच. मुलींसाठी संडास आहे का, उघडं असतं का, पाणी आहे का, नसेल तर ते ठिकाण रद्द करा किंवा वेळ कमी करा, कारण नाहीतर मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येऊन बसतात. एसटीत शालेय सहलीला अर्धं भाडं असतं पण डिसेंबर-जानेवारीत गाड्या मिळत नाहीत, दिवाळीआधीच आगारात अर्ज द्या. पालकांचं संमतीपत्र, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, वरिष्ठांची परवानगी, हे सगळं लेखी हवं. २०१६ ला मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेली कॉलेजची पोरं बुडून गेली तेव्हापासून या बाबतीत कोणी ऐकून घेत नाही आणि घेऊही नये. समुद्र, धरण, नदीत उतरणं प्राथमिकच्या पोरांना पूर्ण बंद. सोबत एक शिक्षिका आणि दोनतीन आया हव्यातच.

आणि मोजणी. नंबर पुकारून हजेरी घेतली तर मित्र मित्राची हजेरी देतो, आमच्याकडे १७ नंबरचा पोरगा रसवंतीत बसलेला आणि बसमध्ये '१७ हजर' असा आवाज आला, मी बस सोडायला सांगितली होती, नशिबाने कंडक्टरने त्याला येताना पाहिलं. तेव्हापासून डोकं मोजायचं, हात लावून, आणि दोन जणांनी वेगवेगळं मोजायचं, दोघांचा आकडा जुळला तरच गाडी हलते.

कोणा कारागिराकडे गेलात, कुंभार, लोहार, कोणीही, तर त्यांचा अर्धा दिवस आपण खातो हे लक्षात ठेवा. नुसतं 'धन्यवाद मामा' म्हणून येऊ नका, शाळेसाठी दोन माठ विकत घ्या, दिवाळीच्या आधी गेलात तर पणत्या घ्या. कुंभारमामा पोरांना चाकावर हात लावू देतात ते प्रेमाने, पण २८ पोरांनी हात लावलेली माती नंतर त्यांनाच पुन्हा मळावी लागते.

फोटोंचं म्हणाल तर काढा, केंद्रप्रमुखांना लागतातच, पण पोरांना उभं करून काढू नका, काम चालू असताना दोन काढा आणि मोबाईल खिशात टाका. रांगेत उभे राहून हातात पाटी धरलेले उपक्रम ग्रुपवर पायलीचे पंधरा मिळतात. आणि घरून आईबापांनी करून दिलेले थर्माकोलचे ज्वालामुखी घेऊच नका, ते आईबापांचं शिक्षण होतं, पोराचं नाही.

सुरुवात कुठून करू विचारलंत तर येत्या शनिवारी मापं आणायला सांगा, त्याला परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि हेडसर शेजारच्या वर्गातून डोकावतीलच. बाजरीखाली ताडपत्री अंथरा, पहिल्या वर्षी मी अंथरली नव्हती आणि नंतर आठवडाभर वर्गात मुंग्या, चिमण्या आणि एक उंदीर होता. आणि रानात वर्तुळ काढायचं ठरवलंत तर कासरा कोणाचा कोणता ते चिठ्ठी बांधून ठेवा, आमचा एक अदलाबदल झाला होता, त्यावरून दोन घरं महिनाभर बोलत नव्हती.